पिशवी अजून दारामागेच आहे

गेल्या रविवारी मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा दिवाण उघडून बसलो. नुसत्या गाड्या मोजल्या, 63 निघाल्या. त्यातल्या 19 गाड्यांना चाकं नव्हती. बंदुका, रोबो, ठोकळे मोजायचं धाडस झालं नाही. अम्मी तस्बीह थांबवून म्हणाली, "एवढं असून पोरगं म्हणतंय कंटाळा आला?"

निम्म्याहून जास्त गाड्या मीच आणल्यात. आठवड्यातले चार दिवस तो झोपल्यावर मी घरी पोचतो, मग शनिवारी हातात काहीतरी असतं. अपराधीपणाचा हप्ता, दुसरं काय! बाकीच्या वाढदिवसांतून आल्या. हल्ली भेट द्यायला जावं तर रिटर्न गिफ्ट घेऊनच परत यावं लागतं. आणि ईदी. आमच्या लहानपणी ईदीचे पैसे अम्मीकडे 'जपून ठेवायला' जायचे ते कायमचेच. आता संध्याकाळपर्यंत त्यांचं पार्सल निघालेलं असतं.

मला मिरजेच्या उरुसात अब्बांनी पत्र्याची बोट घेऊन दिली होती. परातीत पाणी भरायचं, बोटीतली वात पेटवायची. आतलं पाणी तापलं की वाफेच्या जोरानं ते नळ्यांतून मागे फेकलं जायचं, मग नळ्या पुन्हा पाणी ओढायच्या आणि बोट फटफट करत गोल फिरायची. दोन वर्षं पुरली. अब्बा शिलाईकाम करायचे, त्यामुळे एरवी रिकामी रिळं हीच आमची चाकं. पण जुने दिवस फार गोड होते असं मी म्हणणार नाही. मला चावीची आगगाडी हवी होती. ती मिळाली नाही, आणि चाळिशी उलटली तरी ते विसरलेलो नाही. त्या 63 गाड्या नक्की कुणासाठी आणल्या, हा प्रश्नच आहे.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी देऊन पाहिलं होतं. 2018 मध्ये ते छापून आलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. हे वाचून बायको म्हणाली, "हे कळायला विद्यापीठ कशाला?" खरंय. पण कळतं आणि वळतं यांच्यामध्ये मोबाईल आहे. दुसरं कुणाचं पोर खोकी उघडतं आणि आमचं पोर ते बघत जेवतं. यातली जाहिरात कुठली आणि करमणूक कुठली, हे मलाही सांगता येत नाही.

शेवटी ठरलं, एक पिशवी भरून द्यायची. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंना दोन नातू आहेत. मुलानं दहा मिनिटांत पिशवी भरली. पाहिलं तर सगळ्या बिनचाकाच्या.

"मोडक्या का रे?"

"चांगल्या मला लागतात ना, अब्बा."

अम्मी म्हणाली, "बकरी ईदला लंगडा बकरा चालतो का रे?"

तो गप्प बसला. मग पिशवी ओतली, एक लाल जीप उचलली, पुन्हा खाली ठेवली. रडला नाही. बराच वेळ त्या जीपचं दार उघडझाप करत राहिला. मी घाई केली नाही.

पिशवी अजून दारामागेच आहे. तळाशी मोडक्या दोन, वर लाल जीप. काल ती जीप पिशवीत नव्हती, आज सकाळी परत आली होती. आणि मी गेल्याच आठवड्यात मागवलेली रिमोटची गाडी उद्या येतेय. ऑर्डर रद्द करायचं बटण दोनदा उघडून बघितलं.