काकूंची वही

रात्री पुन्हा 'धग' काढली. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६०ची. आता वाचक म्हणून वाचतच नाही. उसवलेली शिवण तपासावी तसा वाक्यं उलटून पाहतो. कादंबरीची नायिका कौतिक इतकी खरी का वाटते? ती सोसते म्हणून? सोसणाऱ्या बाया मराठी कथेत पुष्कळ आहेत. कौतिकला आधी संसार चालवायचा असतो, तोही महादेवसारख्या नवऱ्याबरोबर. तिचं दुःख त्या धडपडीतून झिरपतं. आणि तिची वऱ्हाडी! ती प्रमाण मराठीत बोलली असती तर निम्मी मेली असती, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या कथेतल्या खानावळवाल्या काकू तीन आठवडे हलत नाहीत. त्या नुसत्या मायाळू आहेत. आज स्वतःला विचारलं, उरलेल्या पोळ्यांचं त्या काय करतात? उत्तर येईना. ज्या बाईच्या उरलेल्या पोळ्या मला ठाऊक नाहीत, तिच्या मनातलं मी कोणत्या तोंडानं लिहितो?

मग पहाटे एक दिसलं. गावाहून मनिऑर्डर न आलेल्या पोराला काकू रात्री दोन पोळ्या जास्त वाढतात, आणि सकाळी वहीत त्याच्या नावावर मांडूनही ठेवतात. माया खरी, हिशेबही खरा. एवढं लिहिताच त्या बोलू लागल्या, तेही माझ्यावर खेकसून.

वहीत एक नाव खोडलेलं आहे. कुणाचं, ते काकू अजून सांगत नाहीत.