मन खचलेल्या माणसाला रात्री न्यायचं कुठं?



तूर फुलोऱ्यावर आहे, पऱ्हाटीची दुसरी वेचणी सुरू आहे, हरभरा पेरून झाला. पिकाची नोंद आज एवढीच. आजचं लिहिणं माझ्या धुऱ्याच्या शेजाऱ्याबद्दल आहे. नाव लिहीत नाही. "लिहा दादा, कोणाच्या तरी कामी येईल," असं तो आणि त्याची घरची माणसं म्हणाली, म्हणून लिहितो.

सोयाबीन कापणीला आलं आणि पाऊस लागला. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. नुकसान आपल्या सगळ्यांचंच झालं, पण यानं वावरात पाय टाकणंच सोडलं. झाडाचं पान पिवळं पडलं की कास्तकार लगेच वाकून पाहतो. माणसाचीही अशीच लक्षणं दिसतात. हा पहाटे चारला ओट्यावर एकटाच बसलेला असायचा. जेवण तुटलं. फोन उचलेना. पंधरा दिवस दाढी नाही. मग एका रविवारी संध्याकाळी, दोन वर्षांपूर्वी नेलेली माझी पहार त्यानं आणून कोठ्यात ठेवली आणि म्हणाला, "दादा, माह्या पोराले वावरातलं शिकवजा तुमी."

मी त्याला खाली बसवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येते काय रे?"

तो रडायलाच लागला. "येते दादा. रोजच येते."

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो, असं आपल्याकडे समजतात. तसं होत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. नंतर डॉक्टरांनीही हेच सांगितलं.

आता न्यायचं कुठं? साप चावला तर कुठं पळायचं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. एक जण म्हणे बाबाकडे न्या. पुतण्यानं एका खाजगी मानसोपचार दवाखान्याला फोन लावला, तर नंबर पुढच्या गुरुवारचा. दुसरा रविवारमुळे बंद. तालुक्याच्या एका दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे त्याचे डॉक्टर नाहीत, सकाळी बघा. रात्रीचे आठ वाजले होते.

शेवटी गावच्या आशाताईनं नंबर दिला: १४४१६. टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी सेवा आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडे एक बाई होत्या. जमीन किती, कर्ज किती, काही विचारलं नाही. तीनच गोष्टी विचारल्या. तो आत्ता एकटा आहे का? घरात फवारणीचं औषध आहे का? आधी कधी असा प्रयत्न केला होता का? मग त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. मला म्हणाल्या, औषधं घरातून हलवा, त्याला मिनिटभरही एकटं सोडू नका आणि आजच मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात न्या.

त्याच्या घरातल्या सगळ्या बाटल्या नि पुड्या आम्ही माझ्याकडच्या लोखंडी पेटीत कुलपात घातल्या. चावी माझ्या घरच्या मंडळींकडे. मग गाडी काढली आणि यवतमाळ गाठलं.

मेडिकलचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो हे आपल्याला माहीत आहे. पण काही न घेतलेला, हातपाय धड असलेला माणूसही मन खचलं म्हणून तिथं नेता येतो, हे मला त्या रात्री कळलं. फक्त तिथं खरं बोलावं लागतं. लाजेपायी "पोट दुखते" सांगितलं तर पोटाचीच गोळी मिळेल. "हा जीव द्यायचं बोलतो" असं मी स्पष्ट सांगितलं. त्याला ठेवून घेतलं. सकाळी मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाल्या, हा उदासीनतेचा आजार आहे, शुगर-बीपीसारखाच. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

त्याच्या घरच्यांना भीती पोलिसांची होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की ज्यानं प्रयत्न केला तो मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. इथं तर प्रयत्नही झाला नव्हता. म्हणून पोलिसांच्या भीतीनं कोणी माणूस घरात दडवू नये.

कृषी सहायक आणि कृषी केंद्रवाल्या मंडळींनाही सांगणं आहे. असा विचार बरेचदा लाटेसारखा येतो आणि काही वेळानं ओसरतो. त्या वेळात हाताशी विष नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ साली सगळ्यात जहाल गटातल्या औषधांवर बंदी आली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तेव्हा फवारणीला हातमोजे घाला म्हणता, तसं औषध कुलपात ठेवा हेही म्हणत जा. गरजेपुरतंच घ्या म्हणा.

कर्ज तसंच आहे. दवाखान्यात कर्ज फिटत नाही. पण झोप लागायला लागल्यावर तो स्वतः बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारून आला. महिन्याआधी हा माणूस बँकेचं नाव काढलं की अंगावर गोधडी ओढून घ्यायचा.

बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, पेरल्यावर नाही. तसंच हेही आधीच विचारून ठेवा. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, कोणत्या खोलीत असते. रात्री गाडी कोणाची मिळेल. आणि १४४१६ हा नंबर खताच्या हिशोबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. माणसानं काही घेतलंच असेल तर मात्र बोलत बसू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

पुढच्या नोंदीत तुरीच्या शेंगअळीबद्दल लिहितो.