भंडारदऱ्याचे काजवे

मुलांनो, मे संपत आला आणि वळवाच्या एक-दोन सरी पडल्या, की आईबाबांबरोबर भंडारदऱ्याला जा. अमावास्येच्या आसपास, आणि रात्रीच! कळसूबाईच्या (उंची १६४६ मीटर) परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकताना दिसतील.

काजवा म्हणजे एक भुंगेराच. पोटातल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उजेड पडतो. चटका मात्र बसत नाही! हा दिवा म्हणजे नराने मादीला घातलेली साद. तिचं उत्तर आलं तरच पुढची पिढी. गाड्यांचे दिवे आणि टॉर्च लागले की ती साद दिसणार कशी? गवतातले काजवे पायाखाली येतात ते वेगळंच.

मग घरातले पतंग दिव्याभोवती घिरट्या का घालतात? २०२४ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं, की उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा जरा उजळ असतं ना! बल्बलाच आभाळ समजून बिचारे गोल गोल फिरत राहतात.

आता टॉर्च विझवा, अंधाराला डोळे सरावू द्या. ढग नसतील तर अकराच्या सुमारास दक्षिणेकडे वृश्चिक दिसेल. विंचवाच्या छातीतला तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. तोही लुकलुकतो, पण काजव्यासारखा स्वतःहून नव्हे. त्याचा उजेड आपल्या हलत्या हवेतून येतो म्हणून.