बॅटरी बदलली, गळती तशीच



माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी एक वाक्य कानावर पडते : "डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा." बाटली म्हणजे सलाईन. या बाटलीबद्दल आणि एकूणच थकव्याबद्दल आज लिहायचे आहे. पण त्याआधी एका पिकअप गाडीची हकिकत सांगतो. तिच्यातून हा विषय जितका सोपा समजतो, तितका आमच्या पुस्तकी भाषेतून समजत नाही.

नव्या गाडीची तक्रार

माझा धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. त्याने कर्ज काढून नवी डिझेल पिकअप घेतली. पहिला महिनाभर गाडी रोज कुठे ना कुठे जात होती, काही तक्रार नव्हती. मग उन्हाळी टोमॅटोचे तोडे सुरू झाले. तोडा दर तीन-चार दिवसांनी येतो. त्या दिवशी क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जायचे, आणि मधले दिवस गाडी अंगणात उभी.

एका तोड्याच्या दिवशी गाडी चालूच होईना. सेल्फ मारला की नुसता टक-टक आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला केबल जोडून कशीबशी चालू केली. पुढच्या तोड्याला पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत बॅटरी बदलून दिली, विषय मिटला असे सगळ्यांना वाटले. अकराव्या दिवशी नवी बॅटरीही उतरली. त्या दिवशी भरलेले ६० क्रेट उतरवून भाड्याच्या गाडीत चढवावे लागले. २० किलोचा एक क्रेट, म्हणजे १,२०० किलो माल. बाजारात पोचेपर्यंत चांगला भाव निघून गेला होता. गाडीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जाणार होता.

"दादा, ही बॅटरीपण खराबच निघाली. तिसरी मागतो," भाऊ म्हणाला. मी त्या रविवारी गावी होतो. म्हटले, मागण्याआधी एकदा वायरिंगच्या मिस्त्रींना दाखवू.

मिस्त्रींची तपासणी

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. रोज बंद पडते, की उभी राहिल्यावर? किती दिवस उभी राहिल्यावर? गाडी घेतल्यानंतर आत काय-काय बसवले? याला आम्ही 'हिस्टरी' म्हणतो. निम्मे निदान तिथेच होते.

मग टर्मिनल हलवून पाहिले. घट्ट होते, पांढरी-हिरवी पूड साठलेली नव्हती. बॅटरी चार्ज करून, थोडा वेळ शांत ठेवून मल्टिमीटर लावला : १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज थोडे खाली आले, पण कोसळले नाही. बॅटरी निरोगी. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग नीट करतोय. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरी रोगी आजारी!

यानंतर त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे होते. गाडी बंद केली, मायनसची वायर सोडवली, आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. गाडी बंद असतानाही किती करंट जातोय, हे यातून कळते. घड्याळ, लॉक, कंट्रोलर यांना थोडा करंट लागतोच. तो साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असला की चिंता नसते. मीटर सुरुवातीला बराच वर गेला. मी काही म्हणणार तोच मिस्त्री म्हणाले, "थांबा डॉक्टर, गाडीला झोपू द्या." आजच्या गाड्यांतले कंट्रोलर बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. अर्ध्या तासाने आकडा उतरला आणि ०.६२ वर येऊन थांबला, तो पुढे हलेना.

हिशेब करून पाहा. ०.६२ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १५ अँपिअर-तास. गाडीची बॅटरी ६५ अँपिअर-तासांची. तीन दिवसांत दोन-तृतीयांश बॅटरी रिकामी, आणि डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला काही शे अँपिअर एकदम लागतात. रोज गाडी चालायची तेव्हा ही गळती रोज भरून निघत होती, म्हणून पहिल्या महिन्यात कळलीच नाही.

आता गळती कुठे? मिस्त्रींनी एकेक फ्यूज काढून पाहिला. करंट खाणाऱ्या सर्किटचा फ्यूज निघाला की आकडा पडतो. सगळे फ्यूज काढून झाले, आकडा तसाच. भाऊ निराश झाला. मिस्त्री उलट खूश झाले. "म्हणजे चोर घरात नाही, अंगणात आहे," असे म्हणून त्यांनी बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरची एक जादा वायर धरली आणि तिचा माग काढत सीटमागे गेले. तिथे बाहेरच्या दुकानातून बसवलेल्या साउंड सिस्टीमचा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याची वायर किल्लीच्या स्विचमधून न घेता थेट बॅटरीवर टाकलेली होती. गाणी बंद केली तरी तो रात्रंदिवस जागा! वायर रिले आणि फ्यूजमधून फिरवून घेतली, मीटर ०.०३ वर आला. तिसरी बॅटरी मागावी लागली नाही. मागितली असती, तर तीही उतरली असती. शिवाय अशी बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि चांगली बॅटरी खरोखरच खराब होते.

हेच शरीरात कसे घडते?

काही महिन्यांनी माझ्याकडे एक गृहस्थ आले. वय ५६, शेतकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षभर थकवा, चढ चढताना धाप. मधल्या काळात बऱ्याच सलाईन झाल्या होत्या. हिमोग्लोबिन ७.२ आले तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या गेल्या, ते ९.५ झाले, बरे वाटले. तीन महिन्यांनी पुन्हा ७.१. ते मला म्हणाले, "साहेब, अजून दोन पिशव्या चढवा, म्हणजे हंगाम निघेल."

बॅटरी दुसऱ्यांदा उतरली होती.

पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ च्या खाली असेल, तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. यांचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६ होता. साठा संपलेला होता. शरीरातून रोज साधारण १ मिलिग्रॅम लोह जाते आणि अन्नातून तेवढेच भरून येते. निरोगी रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे आतड्यातून रोज फक्त एक चहाचा चमचाभर, ५ मिलिलिटर, रक्त झिरपले तर अडीच मिलिग्रॅम लोह जादा जाते. एवढ्याशा रक्ताने शौचाचा रंगही बदलत नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

पोटाची दुर्बिणीतून तपासणी केली, ती नॉर्मल आली. त्यांना वाटले, झाले, सुटलो. पण फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तर शोध थांबवायचा नसतो. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी केली. उजव्या बाजूला, आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठ सापडली. ती कर्करोगाची होती, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशन झाले. आज ते शेतात आहेत. आणखी दोन-चार वेळा नुसते रक्त चढवून हंगाम काढले असते, तर गाठ तेवढी थांबली असती का, सांगता येत नाही.

गाडी आणि शरीर यांत एक मोठा फरक आहे. गाडी एका सकाळी ठप्प होते, म्हणून आपण मिस्त्री शोधतो. शरीर जुळवून घेते. हृदय थोडे जोरात धावते, माणूस थोडे कमी चालतो, 'वय झालं' म्हणतो. म्हणून हिमोग्लोबिन ७ वर येईपर्यंत कोणी विचारतच नाही.

तुम्ही काय करावे?

१. थकव्यासाठी सलाईन मागू नका. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, जेमतेम पाच-सहा चमचे साखर. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर सलाईन औषध आहे. अ‍ॅनिमियावर नाही.

२. लोहाच्या गोळ्या नेटाने घ्या. चहा-कॉफीसोबत घेऊ नका, लिंबू चालेल. या गोळ्यांनी शौचाला काळपट होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी डॉक्टर सांगतील तेवढे, बहुधा आणखी तीन महिने, चालू ठेवा.

३. हिस्टरी पूर्ण सांगा : गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या, मूळव्याध, पाळीत जाणारे जास्त रक्त, घटलेले वजन, शौचाच्या सवयीतला बदल. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त झिरपणे अगदी नेहमीचे आहे. बहुतेकांमध्ये कारण असेच साधे निघते, म्हणून तपासणीला भिऊ नका.

४. पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांच्यात लोह कमी असेल, तर पोट व मोठे आतडे या दोन्हींची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

५. लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शौच, चक्कर, छातीत दुखणे किंवा बसल्याजागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गोळी चालू असली तरी शौच चिकट आणि उग्र वासाची झाली, तर तेच करा.

रिपोर्टमध्ये लोह कमी आले की पहिला प्रश्न आपण विचारतो, "कोणती गोळी घेऊ?" प्रश्न बरोबर आहे. त्याला फक्त आणखी एक जोडा : "डॉक्टर, माझे लोह जातेय कुठे?"