दापोड्याचा लो गिअर

वीकएण्डला दापोडे? ऑफिसात सगळे हसले. पण रोबोटिक्सचं वेड असेल, तर माणकोली नाक्यावरून आत वळाच. गोदामांच्या गर्दीत भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत खड्ड्यातून निघतात. रिकामे मात्र सुसाट.

‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’च्या रोबोटचंही तसंच. धावायला हाय गिअर, ढकलाढकलीला लो. हाय गिअरमध्येच भिडलात, तर मोटर करंट ओढते, १२ व्होल्टची बॅटरी बसते, रोबोट ठप्प! तीन मिनिटांत संपणाऱ्या मॅचमध्ये हे परवडेल?

डॉग शिफ्टर दणकट, पण दाताला दात भिडला की अडतो. बॉल शिफ्टर सफाईदार. दोन्हींना सहसा हवेचा सिलिंडर लागतो, म्हणजे वजन वाढलंच. लांब धावायचंच नसेल, तर एकच गिअर बरा.

ट्रकवाले हेच करतात, बॉस. आधी ओझं बघतात, मग गिअर टाकतात.