दुपटीचा हिशेब

जुगारी माणसाचे आपल्या मनातले चित्र ठरलेले आहे. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, घरात भांडी आपटण्याचा आवाज, आणि हा गृहस्थ बायकोचा शेवटचा दागिना खिशात घालून उंबरा ओलांडतो आहे! नाटका-सिनेमांनी हे चित्र इतके गिरवून घेतले आहे, की एखादा मनुष्य स्वच्छ अक्षरात, पट्टीने रेघा मारून, रोजच्या रोज जमाखर्च लिहून जुगार खेळत असेल, तर तो जुगार आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

माझ्या एका मित्राचे तसे झाले. वसतिगृहात त्याला सगळे मुनीमजी म्हणतात. मेसचा हिशेब त्याच्याकडे, सहलीची वर्गणी त्याच्याकडे. दोन वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. २०२४ च्या पावसाळ्यात त्याने माझ्यापुढे एक वही ठेवली आणि म्हणाला, "तू संख्याशास्त्र घेतलंयस ना? एवढं तपासून दे."

वहीत ब्लॅकजॅकचा हिशेब होता. मोबाईलवरच्या कुठल्याशा परदेशी जुगारघरात तो हा खेळ खेळत असे. (पैशाच्या अशा ऑनलाइन खेळांवर संसदेने पुढे २०२५ मध्ये बंदी घातली.) पद्धत सोपी होती. पहिला पण दहा रुपयांचा. जिंकलो तर पुन्हा दहाच. हरलो तर वीस, मग चाळीस, मग ऐंशी, जिंकेपर्यंत दुप्पट. जेव्हा केव्हा डाव जिंकेल तेव्हा मागची सगळी हार भरून निघून वर दहा रुपये उरतात. अशा दहा मालिका जिंकल्या, शंभर रुपये झाले, की त्या दिवसाचे दुकान बंद. एकोणीस दिवस हिरव्या शाईत शंभर-शंभर रुपये जमा होते. विसाव्या दिवशी पहिल्याच मालिकेत सलग सात डाव गेले आणि १,२७० रुपयांचा लाल आकडा पडला. एकविसाव्या दिवशी चार मालिका जिंकून पाचवीत पुन्हा सात डाव गेले, पुन्हा १,२७०. एकंदर तोटा ६०० रुपये.

यावर मुनीमजींचा निष्कर्ष असा, की पद्धत बरोबर आहे, भांडवल अपुरे पडले. सात पायऱ्यांऐवजी दहा पायऱ्या चढता आल्या असत्या तर दोन्ही खड्डे पार झाले असते. दहा पायऱ्यांना १०,२३० रुपये लागतात. त्यांपैकी दहा हजार त्याला माझ्या शिष्यवृत्तीतून हवे होते. वरचे दोनशे तीस तो स्वतः घालणार होता! पद्धत रुळली की पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर ती मोठ्या रकमेने चालवायची, असाही बेत होता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. राजा, राणी, गुलाम यांचे दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे गेली की बाद. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते. त्याला मर्जी नसते: सोळापर्यंत पान घ्यायचे, सतरा झाले की थांबायचे. मग जुगारघर कमावते कशावर? तर आधी खेळाडूला खेळावे लागते यावर. तुम्ही बाद झालात की तुमचा पण त्याच क्षणी उचलला जातो. नंतर वाटणारा स्वतः बाद झाला तरी तो परत मिळत नाही.

या खेळात अकलेला वाव आहे, हे मी मुनीमजीला पहिल्यांदाच कबूल केले. १९५६ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर बसून, कुठल्या पानांवर थांबावे आणि कुठल्या पानांवर आणखी मागावे याचे गणित प्रसिद्ध केले. ते पाठ करून खेळणाऱ्याची तूट, नियम बरे असतील तर, शंभर रुपयांच्या पणामागे साधारण अर्ध्या रुपयावर येते. जुगारात इतकी कमी तूट क्वचितच आढळते. पण ती तूटच असते, आणि पणांचा क्रम कसाही लावला तरी ती जात नाही. दहा-दहा लावा, दुप्पट करा, उलटे करा. प्रत्येक पण आपापली लहानशी तूट घेऊनच टेबलावर उतरतो, आणि तुटींची कितीही फिरवाफिरव करून बेरीज केली तरी नफा येत नाही.

हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर नाणेफेकीचे उदाहरण मांडले. छापा-काटा अगदी निम्मे-निम्मे धरू. सलग सात वेळा हरण्याची शक्यता १२८ त एक. म्हणजे सरासरीने १२७ मालिका जिंकून दहा-दहा रुपये मिळतील, तर एका मालिकेत १,२७० रुपये जातील. १२७ गुणिले दहा किती? १,२७०. पैचा फरक नाही. दहा पायऱ्या केल्या तर १,०२३ वेळा दहा रुपये, आणि एकदा १०,२३० चा खड्डा. भांडवल वाढवल्याने खड्डा लांब जातो आणि तेवढाच खोल होतो. हे झाले सच्च्या नाण्याचे. ब्लॅकजॅकमध्ये बरोबरीचे डाव सोडले तर शंभरात बावन्न-त्रेपन्न डाव खेळाडू हरतो. ही हार बरीचशी भरून निघते ती दोन गोष्टींनी: पहिल्याच दोन पानांत एकवीस आले तर मिळणारा दीडपट मोबदला, आणि चांगली पाने पाहून मध्येच पण दुप्पट करण्याची सवलत. हरण्याची शक्यता एवढीशी वाढली, की सात हारींची मालिका १२८ त नव्हे, सुमारे ९० त एकदा येते. रोज दहा मालिका खेळणाऱ्याच्या वाट्याला ती सरासरी नवव्या दिवशी यावी. मुनीमजीला एकोणीस दिवस मिळाले हे त्याचे नशीब म्हणायचे, आणि एका अर्थी दुर्दैवही.

आणखी एक पेच आहे, तो नाणेफेकीत नाही, या खेळातच आहे. समजा सहा डाव हरून तुम्ही ६४० रुपये लावले आहेत आणि हातात अकरा आले, वाटणाऱ्याचे उघडे पान सहा. शास्त्र सांगते, आता पण दुप्पट करा. याहून चांगली संधी नाही. पण सातव्या पायरीवरच्या माणसाकडे दुसरे ६४० असतात कुठे? ज्या सवलतीने तूट भरून निघायची, ती नेमकी पण सर्वांत मोठा असताना दारिद्र्यामुळे सोडावी लागते. त्याच्या वहीत, पाचव्या पायरीपासून पुढे, असे डबल न केलेले डाव मी मोजले. चार निघाले. शिवाय प्रत्येक टेबलाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त पणाची मर्यादा असते, बोटीवरही असते. तेव्हा कुबेर जरी दुपटीला बसला तरी कुठेतरी त्याला थांबावेच लागते.

दुपटीला घाबरणाऱ्यांसाठी सौम्य पद्धतीही आहेत. हरलो की एक घर वर, जिंकलो की एक घर खाली, या चालीला अठराव्या शतकातल्या दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाचे नाव चिकटले आहे. एवढा मोठा मनुष्य, पण सलग छापे पडल्यावर काट्याची पाळी जवळ येते या समजुतीकडे त्याचाही कल होता! तेव्हा आमच्या मुनीमजीला हसण्याचे कारण नाही. आणि 'विमा' म्हणून एक गंमत आहे. वाटणाऱ्याचे उघडे पान एक्का असेल तर तुम्हाला निम्म्या पणाचा विमा देऊ करतात. त्याचे झाकलेले पान दहाचे निघाले तर एकास दोन मिळतात. नाव किती धीराचे! पण एका जोडातला तो एक्का सोडून ५१ पाने उरतात, त्यांत दहाची सोळा आणि बाकीची पस्तीस. ५१ वेळा रुपया-रुपया लावला तर बत्तीस मिळतील आणि पस्तीस जातील.

मग मुनीमजीने आपला हुकमी मुद्दा काढला. नाण्याला स्मरणशक्ती नसते, पण पत्त्यांना असते. गेलेले पान जोड पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. हे खरे आहे, आणि सगळ्या चर्चेतला हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकाने संगणकाच्या मदतीने हेच सिद्ध केले आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. लहान पाने निघून गेली आणि दहा-एक्के उरले तर खेळाडूचे पारडे किंचित जड होते. तेव्हा पण वाढवावा, एरवी अगदी लहान ठेवावा. म्हणजे पण वाढवण्याची युक्ती आहेच. पण ती उरलेल्या पानांकडे पाहते. पत्त्यांना गेलेली पाने आठवतात. मुनीमजी किती डाव हरला हे आठवत नाही. शिवाय मोबाईलवर दर डावाला जोड नव्याने पिसला जातो असे त्या खेळाच्या नियमांतच लिहिले होते, तेव्हा तिथे तेवढेही स्मरण उरत नाही. जुगारघरेही काही भोळी नसतात; मोजणारे वाढले तशी एका जोडाच्या जागी सहा-सहा, आठ-आठ जोड एकत्र पिसण्याची पद्धत रूढ झाली.

येथे मला वनपर्वातल्या नळाची आठवण होते. द्यूतात राज्य घालवून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत राजाने बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने सांगितली; नळाने रथ थांबवून ती मोजून पाहिली आणि राजाचे म्हणणे खरे निघाले. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या ऋतुपर्णाजवळ एकत्र होत्या. नळाने अश्वविद्या देऊन अक्षविद्या घेतली, तेव्हा कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. उलट सभापर्वातला धर्मराज. प्रत्येक हारीनंतर त्याचा पण मोठा होत जातो. समोर शकुनी आहे आणि फासे कुणाचे आहेत, याचा विचार नाही. मी मुनीमजीला म्हटले, तुझी वही सभापर्वातली आहे. तो म्हणाला, "तू परीक्षेत असंच लिहितोस का?"

वाद मिटेना म्हणून तीन रविवार आम्ही खाटेवर पत्ते पिसून, काडेपेटीतल्या काड्या लावून खेळलो. वाटणारा मी, भोवती निम्मे वसतिगृह. पहिल्या रविवारी तीस मालिका झाल्या, मुनीमजी तीस काड्या जिंकला. दुसऱ्या रविवारी तेच. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि संख्याशास्त्राची यथेच्छ टिंगल झाली. चहाचे पैसेही मीच दिले. वास्तविक गणितच असे सांगते, की तीस मालिका खेळल्या तर शंभरातल्या सत्तरहून अधिक दुपारी ही पद्धत जिंकूनच उठेल. साक्षीदारांसमोर ती बहुतेक वेळा जिंकते, हेच तिचे खरे बळ आहे. जी पद्धत रोज हरते तिच्यासाठी कोणी मित्राकडे दहा हजार मागत नाही. तिसऱ्या रविवारी अकराव्या मालिकेत त्याच्या १२७ काड्या गेल्या. पण तेव्हा पाऊस थांबला होता आणि बाकीची पोरे क्रिकेटला गेली होती.

मी पैसे दिले नाहीत. लोभी मनुष्य असता तर नाही म्हणणे सोपे गेले असते. पण घरून पैसे मागवायचे नाहीत, मेसचे बिल स्वतः भरायचे, एवढ्यासाठी त्याने हा उद्योग मांडला होता, आणि शंभर रुपये झाले की खेळ बंद करण्याइतका संयमही त्याच्यापाशी होता. संयम, टापटीप, चिकाटी, सगळे सद्गुण त्याने त्या वहीत ओतले होते. मी मागच्या पानावर गणित लिहून वही परत केली. त्याने ते वाचले. "सरासरीचं बोलतोस," तो म्हणाला, "मी माझं बोलतोय."

दिवाळीच्या सुटीनंतर त्याने खोली बदलली. दुसऱ्या कोणाकडून त्याने पैसे घेतले की नाही, मी विचारले नाही. मेसमध्ये तो आता दुसऱ्या टोकाला बसतो. मेसचा हिशेब अजून त्याच्याकडेच आहे, आणि दर महिनाअखेर तो बरोबर जुळतो.