सिल्वासा आणि मंगेशीचा सूर

सिल्वासाला गेलो तेव्हा पोर्तुगीज काळातलं चर्च पाहून क्षणभर वाटलं, आपण गोव्यातच आहोत. बाजूने दमणगंगा वाहते. पण माझ्या डोक्यात घोळत होती ती पुण्यात झालेली एक मैफल.

चर्चच्या कॉयरमध्ये वरच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींना सोप्रानो म्हणतात, हे आपल्याला गोव्यात सांगावं लागत नाही. युरोपात तो आवाज ऑपेरात रमला. आपल्याकडे ऑपेराच्या जवळचं काही असेल तर संगीत नाटक, आणि त्यातले एक बिनीचे नट म्हणजे आपले मास्टर दीनानाथ. मंगेशी देवळाच्या सेवेतल्या येसूबाईंचा हा मुलगा. बलवंत संगीत मंडळीत स्त्रीभूमिकाही करायचा. 1942 साली दीनानाथ गेले तेव्हा थोरली लता बारा वर्षांची होती. घर चालवायला ती सिनेमात गेली आणि 1949च्या 'महल'नंतर तिचा तो वरचा सूर घरोघरी पोचला.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पुढचं मात्र आपण एका ओळीत उरकतो.

1954 साली सुधीर फडके आणि त्यांचे सोबती दादरा-नगरहवेली सोडवायच्या खटपटीत होते. माणसं होती, पण शस्त्रांना पैसा कुठला? बाबूजींनी लताला गळ घातली आणि पुण्याच्या हिराबागेत निधीसाठी तिचा कार्यक्रम झाला. तिचं वय चोवीस. गाण्याचं तिकीट काढायचं आणि त्यातून बंदुका यायच्या, असा हिशेब मी तरी दुसरा ऐकलेला नाही!

22 जुलैला दादरा सुटलं, मग नरोली. 2 ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे, म्हणजे आपलेच लोक होते, संघाचे स्वयंसेवक होते आणि पेटी वाजवणारे बाबूजी स्वतःही होते. (पुढच्याच वर्षी याच माणसाने गीतरामायणाला चाली लावल्या.) पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. 12 एप्रिल 1960च्या निकालाने भारताच्या मुलखातून सैन्य नेण्याचा हक्क काही त्याला मिळाला नाही. 11 ऑगस्ट 1961ला हा प्रदेश रीतसर भारतात आला.

मला अडून राहायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. लताने गायलं सिल्वासासाठी, तेव्हा तिची मंगेशी पारतंत्र्यातच होती आणि तशीच आणखी सात वर्षं राहिली, 19 डिसेंबर 1961पर्यंत. दीनानाथांनी तर मोकळा गोवा पाहिलाच नाही. ज्या गावाचं नाव आडनाव म्हणून जगभर नेलं, त्याच्याआधी दुसऱ्याच गावाची बेडी तुटायला तिचा गळा कामी आला.

2022 साली ती गेली तेव्हा सगळीकडे भारतरत्न आलं, लंडनचा अल्बर्ट हॉल आला. हिराबाग फार थोड्यांनी काढली. सिल्वासात चहा पिताना टपरीवाल्याला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "लता? आमच्यासाठी?" आणि दुसरा कप भरून पुढे ठेवला. पैसे घेतले नाहीत.